तो अबोला नव्हता

आमच्या घरात अबोला धरायचा मान माझा. मी काही तो हिसकावून घेतलेला नाही. देवघराच्या किल्ल्या जशा सासूबाईंच्या मागे माझ्याकडे आल्या तसा तोही रीतीने आला. माझे आजेसासरे महाराजांच्या खानगी खात्यात होते. राजवाड्यातले पडदे, गालिचे, हंड्या-झुंबरं त्यांच्या नजरेखाली असत. तेव्हापासून आमच्याकडे कुणी ओरडत नाही. ज्यांच्या शब्दाला वजन नसतं ते ओरडतात. आम्ही गप्प बसतो. आता संस्थान राहिलं नाही, खातं राहिलं नाही, या गुजराती शहरात गोत्री भागात तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या राहिल्यात, पण रीत ती रीत.

अबोल्याचे नियम घरात सगळ्यांना पाठ आहेत. पहिल्या दिवशी कुणी काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीचं काही पानात पडायला हवं. तिसऱ्या दिवशी ज्याची चूक असेल त्याने चूक दुरुस्त करायची. माफी नुसती तोंडाने मागितली तर चालत नाही, तोंड कुणालाही असतं. चौथ्या दिवशी मी जेवताना म्हणते, "आमटीत मीठ कमी आहे." की संपला अबोला. मग भले आमटी खारट असो.

शिक्षण माझं चौथी. पण गेल्या चाळीस वर्षांत या घरात शेवटचा शब्द माझा झालेला आहे, आणि तो सुद्धा बहुतेक वेळा न बोलता. माझ्याकडे दागिना म्हणाल तर एकच, ही जीभ. बाकीचे पोरांच्या शिक्षणात गेले.

तर त्या वर्षी, करोनाच्या आधी दोन वर्षं, रविवारी संध्याकाळी सूनबाईंनी विषय काढला. चारुलता तिचं नाव. शाळेत शिकवते, गाडी चालवते, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. म्हणाली, "आई, पोळ्यांना बाई लावू या का? शैला म्हणून आहे एक. समोरच्या बिल्डिंगमध्ये येते. फार स्वच्छ आहे."

"कणीक कोण मळणार?"

"तीच."

"आणि खाणार कोण?"

माझा हेरंब मधे म्हणाला, "आई, चारूला सकाळी सातला निघावं लागतं." माझा मुलगा असा आहे. बायकोची बाजू घेतो आणि माझ्याकडे बघून घेतो, म्हणजे दोघींनाही वाटावं की तो आपला आहे. मी म्हटलं, "लावा. मी मेल्यावर दोन बायका लावा, एक लाटायला, एक भाजायला." आणि झोपायला गेले.

सोमवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी होते. दूध तापत होतं. ते वर आलं, आणि मला म्हणायचं होतं, चारू, दूध बघ. शब्द आलाच नाही. दूध समोर दिसत होतं, ते दूध आहे हे कळत होतं, पण त्याला काय म्हणतात ते डोक्यातून कुणी पुसून नेल्यासारखं झालं होतं. तोंड उघडलं तर नुसता वारा. हात गॅसपर्यंत न्यायचं सुचलं नाही. दूध उतू गेलं, शेगडी विझली, आणि मी बघत उभी.

चारू धावत आली. तिने काय पाहिलं? सासू उभी आहे, दूध उतू जातंय आणि सासू एक शब्द बोलत नाही. एवढ्यावरून काय समजायचं ते आमच्या घरच्या सुनेला शिकवावं लागत नाही. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि आत जाऊन हळूच हेरंबला म्हणाली, "सुरू झालं."

मला हे सगळं ऐकू येत होतं. मी आतून ओरडत होते की अगं, झालंय काहीतरी मला, आणि बाहेरून मी खानगी खात्याची नातसून दिसत होते, ताठ, करारी, निर्वाणीची. इतकी वर्षं मन लावून केलेला अबोला असा उलटला.

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली. बादलीकडे बघत बसले. दहा मिनिटं गेली असतील. मग आपोआप तोंडातून आलं, "बादली." नंतर "तांब्या." नंतर "साबण." मी हेरंबच्या वडिलांचं, नारायणरावांचं नाव घेतलं, जे ते होते तोवर मी कधी उखाण्याशिवाय घेतलं नाही. सगळं जागेवर होतं. मांडी घालून रडले थोडी. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, बाहेर जाऊन सांगायचं.

बाहेर आले तर चारू फोनवर. "नाही शैलाबेन, हमणां रहेवा दो. घरे बधांने नथी फावतुं." पोळ्यांच्या बाईला नको म्हणून सांगत होती.

आता मला सांगा, असा आयता जिंकलेला डाव कोण बाई तोंड उघडून घालवेल? मी खुर्चीत बसले आणि तीन दिवस बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बासुंदी झाली. चौथ्या दिवशी आमटीत मीठ कमी निघालं. घरात आनंदीआनंद.

रात्री मात्र मी उशीत तोंड घालून हळू आवाजात ताट, वाटी, पळी, झारा म्हणून बघत असे. जीभ आहे ना जागेवर, एवढंच. कारण ती गेली तर माझ्याकडे उरणार काय? गुडघे, आणि खुर्ची. आणि चारू माझ्या वतीने सगळ्यांना सांगणार, आईंना असं म्हणायचंय, आईंना तसं म्हणायचंय.

नवव्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी आला. त्याने आमच्या जागेत आपल्या मेहुण्याची गाडी लावली होती. चहाचा कप हातात धरून मी त्याला समजावत होते. "तुमच्या मेहुण्यांना म्हणावं, गाडी एवढी मोठी घेतलीत तर जागाही स्वतःची..." आणि वाक्य तिथेच बसलं. उजव्या हातातला कप सुटला. ओठाचा उजवा कोपरा खाली गेला. सेक्रेटरी खूश झाला असेल, पहिल्यांदाच माझ्या घरातून पूर्ण न ऐकता बाहेर पडला.

चारूने कप बघितला आणि माझं तोंड बघितलं. अबोल्यात कप फुटत नाहीत, आम्ही भांडीकुंडी सांभाळणाऱ्यांच्या घरातले. तिने चप्पलही घातली नाही, मला धरून खाली नेलं आणि गाडी अशी हाकली की मला वाचा असती तर दोन शब्द नक्की ऐकवले असते.

दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं परत आलं होतं. तरी ठेवून घेतलं. डोक्याचे फोटो झाले, मानेच्या शिरांचे झाले. सगळे म्हणाले, छान आहे. छान आहे तर मी इथे कशाला, हे कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, "बा, हृदयात जन्मापासूनचं एखादं भोक असू शकतं. ते बघू."

हेरंब रडकुंडीला आला. चारू खाली बघायला लागली. हृदय आहे हीच तिला बातमी होती, भोक तर पुढची गोष्ट.

"आणि हे असं पहिल्यांदाच झालं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्यांदाच," चारू म्हणाली.

मी पंख्याकडे बघत राहिले.

तपासणीची खोली तळमजल्यावर. अंधार करून ठेवलेला, गारठा असा की कोथिंबीर आठवडाभर टिकेल. मशीनसमोर एक मुलगी बसलेली, बारीकशी, केस घट्ट बांधलेले. मला वाटलं डॉक्टर अजून यायचेत, ही पुसायला-बिसायला असेल.

"बा, डाबे पडखे सूई जाओ," ती म्हणाली.

"मराठीत बोल. डावी कूस मला कळते."

ती हसली. "सवय हो, काकू. दिवसभर गुजरातीच होतं. मी उल्का. इथलीच, तरसालीची."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही. मी सोनोग्राफर. हृदयाची चित्रं मी काढते, डॉक्टर ती वाचतात."

"म्हणजे फोटोवाली."

"हो, पण हसा म्हणत नाही," ती म्हणाली. मुलगी जिभेला बरी निघाली. चारूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

चारूला मीच आत घेतली होती. पदर बाजूला करायचा म्हणाले होते, तर निदान घरचं माणूस पहाऱ्याला असावं. उल्काने छातीवर तीन गोल चिकटवले, मग बर्फासारखी जेली आणि त्यावर एक दांडकं. "पेशंट जिवंत ठेवायचाय की ताजा?" मी विचारलं. तिने सवयीने "सॉरी हं काकू" म्हटलं आणि दांडकं इकडेतिकडे दाबत राहिली. पडद्यावर काळ्यापांढऱ्यात काहीतरी उघडझाप करत होतं. दोन खोल्या वर, दोन खाली, मधे पडदा. आमच्या गोत्रीच्या घरापेक्षा एक खोली जास्त.

मग सिस्टर आली. माझ्या हातात सुई होतीच, तिला एक तोटी जोडली, तोटीला दोन सिरिंजा. उल्का सांगत होती तसं सिस्टरने एकीतलं पाणी दुसरीत ढकललं, दुसरीतलं पहिलीत, परत, परत, भराभर. पाणी पांढरं झालं, ताकासारखं.

"हे कसलं औषध?"

"औषध नाही, काकू. मिठाचं पाणी नऊ भाग आणि हवा एक भाग. घुसळून बारीक बुडबुडे केलेत."

"शिरेत हवा? मारायचा विचार असेल तर सून बाहेर जाऊन उभी राहील, तिला साक्षीला नको ओढू."

"एवढे बारीक बुडबुडे विरघळून जातात. ते मशीनमध्ये पांढरे चमकतात म्हणून घालायचे. नुसत्या रक्तात मला भोक दिसत नाही. बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूला येतील, तिथून फुफ्फुसात जातील आणि तिथेच गाळले जातील. डाव्या बाजूला एकही यायला नको. आलाच, तर मधल्या पडद्याला दार आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि ज्या दारातून बुडबुडा जातो त्या दारातून रक्ताची गुठळीही जाते. सरळ वर, डोक्यात."

सिस्टरने सिरिंज दाबली. पडद्यावर उजवी बाजू एकदम पांढरी भरून आली. डावी काळी ती काळीच. उल्का ओठांत ठोके मोजत होती.

"झालं?" मी विचारलं.

"अर्धं. काही दारं एरवी मिटलेली असतात, जोर केला की उघडतात. आता परत बुडबुडे देऊ, तेव्हा तुम्ही श्वास कोंडून जोर करायचा. मी सोडा म्हटलं की सोडायचा."

"कसला जोर?"

तिने जराही न लाजता सांगितलं, "सकाळी पोट साफ होत नाही तेव्हा करतो तसा."

माझे आजेसासरे खानगीत होते. माझ्या सासूबाई बाळंतपणातसुद्धा ओरडल्या नाहीत म्हणे. आणि ही तरसालीची पोर मला, अंधाऱ्या खोलीत, सिस्टर आणि सुनेच्या देखत, कुंथायला सांगत होती. मी गाल फुगवले. कपाळाला आठ्या घातल्या. डोळे मोठे केले. जोराचं सोंग इतकं चांगलं वठलं की सिस्टर म्हणाली, "सरस, बा, सरस."

बुडबुडे आले, उजवीकडे भरले, डावीकडे काही नाही. तेवढ्यात दार ढकलून मोठ्या डॉक्टरांनी मान आत घातली. "थयुं? निगेटिव्ह छे ने? लखी नाख. बा थाकी गया हशे."

भोक नाही, लिहून टाक, म्हणाले; मी उठायला लागले. डॉक्टर भला माणूस, मला त्याचा पहिल्यांदाच जिव्हाळा वाटला.

उल्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "सर, जोर लागलाच नाही. बुडबुडे चांगले होते. पण हे निगेटिव्ह म्हणून मला लिहिता येणार नाही."

"मों तो लाल थयुं हतुं," सिस्टर म्हणाली.

"तोंड लाल झालं, पोट दगडासारखं नाही झालं. आणि हे बघा ना सर." तिने चित्र मागे नेलं. "खरा जोर लागला असता तर उजवी बाजू लहान झाली असती, आणि सोडल्यावर हा मधला पडदा डावीकडे फुगला असता. हलला पण नाहीये. काकूंनी फक्त गाल फुगवलेत."

सून पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, उल्काकडे बघितलं. "पाच मिनिट," म्हणाले आणि गेले. एवढा मोठा माणूस, आणि तिचं ऐकून गेला. मला ते आवडलं नाही, आणि लक्षात राहिलं.

"काकू," उल्का म्हणाली, "तुमच्याशी भांडायला मला वेळ नाही. खोटं निगेटिव्ह गेलं तर तुम्ही परवा घरी जाल आणि पुढच्या वेळेला दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं परत येईलच असं नाही. एखाद्याचं येतच नाही."

असं सरळ माझ्याशी कुणी बोलत नाही. तोवर तिने खणातून नवी सिरिंज काढली होती. सुई नसलेली, कोरी. माझ्या हातात दिली. "कुंथू नका. हिच्यात तोंडाने फुंका आणि आतला दांडा पुढे सरकवा. पंधरा सेकंद. सरकला तर जोर बरोबर. तरुण पोरांनाही पटकन जमत नाही म्हणा."

"सरकतो का असा?"

"फुंकणीने चूल पेटवलीय का कधी?"

"छे," चारू म्हणाली, "आईंच्या माहेरी आचारी होता. दोन आचारी. एक गोडाचा वेगळा."

हे तिला मीच सांगितलं होतं, लग्नानंतर पहिल्या आठवड्यात, आणि त्यानंतर दर दिवाळीला. खरं म्हणजे माझ्या माहेरी एक चूल होती आणि आई दम्याची. सातव्या वर्षापासून फुंकणी माझ्या हातात. ओल्या बाभळीचं सरपण, धूर डोळ्यांत, आणि आई लांब बसून म्हणायची, पोटातून फुंक गं, गालांतून नको. चौथीनंतर शाळा सुटली ती त्या चुलीपायीच. सासरी आले तेव्हा इथे गॅस होता. फुंकणी मी माहेरीच ठेवली आणि इकडे येताना दोन आचारी घेऊन आले.

सिरिंज तोंडाला लावली. दांडा घट्ट होता. पहिल्यांदा नुसता वारा बाजूने निसटला. मग ओठ आवळले आणि पोटातून फुंकलं. दांडा करकरला आणि सरकला. सरकतच राहिला. सिस्टरने पांढरं पाणी सोडलं, उल्काने मोजलं, आणि म्हणाली, "सोडा."

मी सोडलं. पडद्यावर उजवी बाजू भरली होती. आणि मग त्या मधल्या पडद्याच्या फटीतून एक पांढरा ठिपका पलीकडे आला. मग चार. मग तापल्या कढईत राजगिरा फुटावा तसे, इतके की काळी जागा दिसेना.

"एक, दोन," उल्का म्हणाली. "दुसऱ्या ठोक्याला." मग तिने पहिल्यांदाच दांडका उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "फुंकणी जोरात होती, काकू."

"आचारी सुट्टीवर असायचे," मी म्हटलं.

चारू हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती, जिथे सासूचं भोक गोठवून ठेवलं होतं.

उल्का जेली पुसता पुसता थांबली. माझ्या पायांकडे बघत होती. "हा डावा पाय कधीपासून सुजलाय?"

"सुजलेला नाही. आमच्या घराण्यात पाय भरदारच असतात."

"उजवा दुसऱ्या घराण्यातला आहे का?"

मी पदर आवरला. तिने पोटरी दाबली आणि मला कळ आली, ती मी दातात धरली, पण उल्का पोटरी नाही, माझे डोळे बघत होती. "लांबचा प्रवास झाला मधे?"

चारू म्हणाली, "गणपतीनंतर कोल्हापूरला गेल्या होत्या. भाचीचं डोहाळजेवण. बसने. सोळा तास."

"मधे उतरलात का, काकू? पाणी प्यायलात?"

मी काय सांगणार? धाब्यावरच्या त्या संडासांसमोर पदर नाकाला लावून रांगेत उभी राहणार होते का मी? बसायच्या आधी सहा तास पाणी तोडलं होतं, आणि सोळा तास खिडकीशी अशी बसले होते की मागच्या सीटवरची बाई घरी जाऊन म्हणाली असेल, काय बाई ताठ. घरी आल्यावर पोटरीत गोळा आला. म्हटलं, वय झालं. साडी दोन बोटं खाली नेसायला लागले.

"नाही उतरले," मी म्हटलं.

उल्काने दुसरं दांडकं घेतलं, पायावर लावलं, दाबलं, सोडलं, परत दाबलं. सिस्टरला म्हणाली, सरांना बोलवा. आम्हाला म्हणाली, "निदान मी करत नाही. मला दिसतं ते मी दाखवते. दाबल्यावर शीर चपटी व्हायला हवी, ही होत नाहीये. बाकी सर सांगतील. पण सर यायच्या आत मला एक विचारायचंय." तिने कागद पुढे ओढला. "बोलणं बंद पडणं एकदाच झालं, की त्याआधीही? एकदा आणि दोनदा यात फरक पडतो. पुढची वाट कुठली, ते त्यावर ठरतं. नीट आठवा."

"एकदाच," चारू म्हणाली. "मंगळवारी. मी समोरच होते."

उल्काने पेन टेकवलं.

मी त्या पेनाकडे बघत होते. तोंड उघडलं की काय काय जाणार ते मला दिसत होतं. शैलाबेन लाटणं घेऊन दारात उभी दिसत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे यापुढे मी गप्प बसले की कुणी घाबरणार नव्हतं, म्हणजे मला घाबरणार नव्हतं, माझ्यासाठी घाबरणार होतं. सासूबाईंकडून आलेली एवढी एक गोष्ट. आणि तोंड बंद ठेवलं तर? तर एखाद्या सकाळी दूध उतू जाईल, सून ओटा पुसेल, बासुंदी करेल, आणि चौथ्या दिवशी मी मीठ मागणार नाही. पाचव्याही नाही. आणि घर नियमाने वाट बघत बसेल.

"दोनदा," मी म्हटलं.

"कधी?" चारूने विचारलं.

"दूध उतू गेलं त्या दिवशी."

"त्या दिवशी तर तुमचा अबोला होता."

"तो अबोला नव्हता."

सिस्टर परत आली होती, तिला मराठी जेमतेम कळत होतं, तरी ती दारातच थांबली. मी म्हटलं, "पहिली दहा मिनिटं नव्हता. नंतरचे तीन दिवस होता."

"मी ओटा पुसला," चारू म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तुम्ही तिथे उभ्या होतात, तुम्हाला झटका आलेला, आणि मी ओटा पुसला."

"बासुंदी पण केलीस."

"आई, गप्प बसा जरा," ती म्हणाली. मला गप्प बसा म्हणणारी या घरातली ती पहिली. आणि मी बसले, कारण तिने माझा हात धरला होता आणि तो सोडत नव्हती.

उल्काने कागदावर काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, "दोनदा लिही फक्त. अबोल्याचं लिहू नकोस."

"त्याला रकाना नाहीये, काकू."

डॉक्टर आले, पाय बघितला, चित्रं बघितली, दोनदा मागेपुढे करून. पायात गुठळी आहे, म्हणाले, तिचेच तुकडे त्या दारातून डोक्यात जात होते. रक्त पातळ करायची सुई त्याच संध्याकाळी सुरू झाली. दोन महिन्यांनी ते दारही बुजवलं, मांडीच्या शिरेतून एक छत्रीसारखं बटण नेऊन. हेरंबला त्यांनी सांगितलं, "सारुं थयुं पकडायुं." पकडलं कुणी, ते नाही सांगितलं. मी सांगितलं. म्हटलं, "तुमच्या फोटोवालीने पकडलं. तुम्ही तर लखी नाख म्हणत होता." ते हसले. जीभ जागेवर आहे अशी त्यांची खात्री पटली असावी.

घरी आले तेव्हा शैलाबेन ओट्याशी उभी. तिच्या पोळ्या जाड असतात आणि कडेला कच्च्या. मी हे रोज सांगते. ती रोज "हा बा" म्हणते आणि रोज तशाच करते. माझ्या अबोल्याने जे मिळवलं ते माझ्याच तोंडाने घालवलं, दुसरं काय.

अबोला तर गेलाच. आता मी दोन मिनिटं उत्तर दिलं नाही की घरात धावपळ. "आई, हसा बघू. दोन्ही हात वर करा. एक वाक्य बोला." एकदा हेरंबने माझी छत्री हरवली म्हणून मी मनापासून रागावून गप्प बसले, तर सव्वा मिनिटात मला लिफ्टमध्ये घातलं होतं. लिफ्टमध्ये मला बोलावं लागलं. रागावलेल्या माणसाला दोन्ही हात वर करून हसायला लावणं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

मग गेल्या दसऱ्याला एक झालं. शैलाबेनची सुट्टी होती, पोळ्या चारूने केल्या, आणि मी म्हटलं, यापेक्षा शैलाबेनच्या बऱ्या. गमतीने म्हटलं. थोडं गमतीने. चारूने ताट ठेवलं आणि बोलायची थांबली. मी म्हटलं, लोणचं दे. दिलं, बोलली नाही. म्हटलं, उद्या शाळा आहे का? मान हलवली. बरं, म्हटलं, रिकामी गादी कुणीतरी घ्यायचीच. पण हात धुताना ती नळापाशी तशीच उभी राहिली, पाणी वाहतंय, ही बघतेय.

मी उठून तिच्यासमोर गेले. "हस बघू."

ती हसली नाही.

"चारू, दोन्ही हात वर कर."

तिने ओले हात वर केले. दोन्ही सारखे. मी तिच्या ओठांचे दोन्ही कोपरे नीट बघितले. एक जरासा हलला, मग दुसरा.

"आता एक वाक्य बोल. कुठलंही."

तिने हात खाली घेतले, माझ्याच पदराला पुसले, आणि म्हणाली, "आमटीत मीठ कमी होतं."

आमटी मी केली होती.